चाळीस मीटर जास्त

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी रद्दीवाल्याच्या तराजूशी भांडत होतो.

रद्दीवाला गल्लीच्या तोंडाशी उभा होता आणि माझी सहा महिन्यांची वर्तमानपत्रं त्याच्या काट्यावर होती. काटा मध्येच अडकत होता. मी एकतीस वर्षं वजन-माप खात्यात निरीक्षक होतो. काटा अडकतो की अडकवला जातो हे मला चार पावलांवरून कळतं. तेच मी त्याला समजावून सांगत होतो आणि तो म्हणत होता, "काका, तुम्ही रिटायर झालात ना?" इतक्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर अनवाणी येताना दिसले. हेडमास्तरांना मी बावीस वर्षांत चपलांशिवाय पाहिलं नव्हतं.

ते म्हणाले, "घरी चला."

मी म्हटलं, "एवढं वजन होऊ द्या."

ते म्हणाले, "राहू द्या वजन."

ती सकाळची फेरी मारून आली होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बूट सोडायला बसली, एक सोडला आणि तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल. हे ते सगळ्यांनाच सांगत असणार. ते तपासायचं साधन त्यांच्याकडे नाही. पण मी ते धरून चाललो आहे.

आता फेरी म्हणजे काय ते सांगतो. आमच्या गावाच्या पाठीशी डोंगर आहे आणि डोंगरावर जुना किल्ला. वर जायला पायऱ्या आहेत. त्या किती, याबद्दल तीन आकडे सांगितले जातात आणि तिन्ही चुकीचे आहेत, पण तो विषय वेगळा. ज्याला पायऱ्या चढवत नाहीत त्याने खालच्या दरवाजापासून डावीकडे वळायचं. तिथून एक वाट तटाच्या कडेकडेने डोंगराला वळसा घालते आणि पुन्हा त्याच दरवाजाशी येते. चढ असा जवळजवळ नाहीच. बायकोचे गुडघे धरले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती रोज ही फेरी मारायची. सहाला बाहेर, सात-दहाला घरात.

पहिली दोन वर्षं तिने मला विचारलं. "अहो, चला ना. अगदी सोपी वाट आहे."

मी विचारायचो, "किती आहे?"

"असेल तीनेक किलोमीटर."

"तीनेक हे माप नाही."

तिसऱ्या वर्षी तिने विचारणं सोडलं. माझा मुद्दा तिला पटला असावा, असं मी तेव्हा धरलं होतं.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी नऊ अनोळखी माणसं भेटायला आली. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या चार. सगळ्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते आणि सगळेच माझ्याकडे ओळखीच्या नजरेने बघत होते. मी मात्र एकालाही ओळखत नव्हतो. त्यांतल्या एक बाई टेलर होत्या. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती, कारण दुःखाच्या भेटीलाही त्या गळ्यातला टेप काढायला विसरल्या होत्या. त्याच बोलल्या.

"भाऊजी, आम्ही ताईंच्या फेरीतली माणसं. ताईंचं एक काम राहून गेलं."

काम असं होतं. लांबलांबून लोक म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन किल्ला बघायला येतात. म्हातारी माणसं पायऱ्यांकडे बघतात आणि गाडीत बसून राहतात. डावीकडे सपाट वाट आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. तिथे एक फलक लावावा असं माझ्या बायकोच्या मनात होतं. किल्ल्याच्या ऑफिसात ती दोनदा तोंडी बोलूनही आली होती. हे सगळं मला टेलरबाईंकडून कळत होतं.

"तोंडी बोलून काय होणार?" मी म्हटलं. "अर्ज पाहिजे."

"ताई तेच म्हणायच्या. म्हणायच्या, आमच्याकडे अर्ज लिहिणारा माणूस आहे, पण त्यांना सांगितलं तर ते आधी वाट मोजायला काढतील."

बाकीच्यांपैकी दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि उद्यापासून तुम्ही या आमच्याबरोबर," टेलरबाई म्हणाल्या. "सहाला. ताई कुठे थांबायच्या, कुठे बसायच्या, सगळं दाखवते."

मला जायचं होतं. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढचं वाचून कोणाला वेगळं वाटेल. सकाळी सहा ते सात-दहा घर पूर्वीसारखंच असायचं. ती त्या वेळात कधीच घरात नसे. अडचण सात-दहानंतर सुरू व्हायची. तेव्हा सात-दहाला मी स्वतःच दमून घरी आलो तर बरं पडेल, हे मलाही समजत होतं. पण मी म्हणालो, "आधी फलक लागू दे. मग येतो. काम अर्धं टाकून फिरायला जाणारा माणूस मी नाही." तो सोमवार होता. फलकाला फार तर दहा दिवस लागतील असा माझा अंदाज होता.

अर्ज मी चार ओळींचा लिहिला. हेडमास्तरांनी तो वाचायला नेला आणि संध्याकाळी त्याची सहा पानं करून आणली. पहिली पाच पानं किल्ल्याच्या इतिहासाची होती.

"पार्श्वभूमी नको का?" ते म्हणाले. "वाचणारा एकदम वाटेवर येऊन पडला तर बिचकेल."

"वाचणारा हेडक्लार्क आहे. तो किल्ल्यातच बसतो."

"म्हणूनच. रोज बघतो त्याचंच माणसाला अज्ञान असतं."

हेडमास्तरांनी मला त्या दिवशी अनवाणी येऊन घरी नेलं होतं. त्या माणसाची पाच पानं फाडणं मला जमलं नाही. अर्ज सहा पानांचाच गेला.

किल्ल्याचं ऑफिस खालच्या दरवाजाच्या आतल्या अंगाला, पूर्वी पहारेकरी बसत त्या खोलीत आहे. दोन टेबलं, तीन कपाटं, एका कपाटाचा पाय मोडला म्हणून त्याखाली दगड. तो दगड बहुधा तटाचाच असावा. हेडक्लार्क चाळिशीचा, अत्यंत नम्र माणूस होता. नम्र माणसाशी भांडता येत नाही, हा सरकारी कामातला सर्वांत मोठा धोका आहे. त्याने सहाही पानं वाचली, इतिहासाच्या पानांवर दोनदा मान डोलावली आणि म्हणाला, "काका, सगळं उत्तम आहे. फक्त अशी वाट आमच्या रेकॉर्डला नाही."

त्याच्या खिडकीतून वाट दिसत होती. वाटेवरून माणसं चालली होती. मी बोट दाखवलं.

"ती माणसं आहेत," तो म्हणाला. "वाट रेकॉर्डला नाही."

वाट रेकॉर्डला आणायला तीन कागद लागणार होते. एक, वाट सोपी असल्याचा दाखला. दोन, नियमित वापर करणाऱ्याचं सहीनिशी निवेदन. तीन, लांबी.

दाखल्यासाठी मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मी माणसांचे दाखले देतो, वाटांचे नाही." शेवटी त्यांनी मला तपासलं आणि सदर इसम सपाट वाटेवरून चालण्यास योग्य आहे असं लिहून दिलं. हेडक्लार्कने त्याचा अर्थ असा लावला की ज्या अर्थी हा इसम चालू शकतो त्या अर्थी वाट सोपी आहे. हे मला थोडं लागलं. पण माझा रक्तदाब आणि वजन त्या फाइलमध्ये कायमचं गेलं आणि पहिला कागद पूर्ण झाला.

"आता नियमित वापर," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त वर्षं कोण चाललंय?"

"माझी बायको. अकरा वर्षं."

"मग उत्तमच. त्यांचीच सही आणा."

मी म्हटलं, "ती नाही."

"हरकत नाही," तो म्हणाला. "आल्या की आणा."

मी फाइल बंद केली, चष्मा पुसला आणि म्हणालो, "दुसऱ्या कोणाची चालेल का?" तो म्हणाला, चालेल. दुसऱ्या दिवशी टेलरबाईंनी सही केली.

राहिली लांबी.

इथे मला माझ्या मीटरबद्दल सांगायला हवं. निवृत्त होताना इतरांना घड्याळं मिळतात. मला खात्याने पितळी मीटर दिला. बरोबर एक मीटर लांब, दोन्ही टोकांना खात्याचा शिक्का, आत मखमल लावलेली पेटी. लोक म्हणाले, वाट साखळीने मोजा, नाहीतर चाकाच्या यंत्राने मोजा. पण साखळी ओढली की ताणते. कापडी टेप ओला झाला की वेगळं बोलतो. चाकाचं यंत्र खड्ड्यात उतरतं आणि खड्डाही मोजून घेतं. पितळेवर शिक्का आहे. एका मीटरने वाट मोजायची म्हणजे दर मीटरला एकदा वाकायचं, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. कमरेच्या लक्षात ते नंतर आलं.

खुणा करायला टेलरबाई आल्या. त्यांनी स्वतःचा शिवणाचा खडू आणला आणि दुकानावर "दहानंतर" अशी पाटी लावली. मी मीटर ठेवायचा, त्यांनी टोकाशी रेघ ओढायची, मी मीटर उचलून रेघेला लावायचा. रेघेला जाडी असते. मीटर रेघेच्या अलीकडच्या कडेला लावला तर माप वाढत जातं, पलीकडच्या कडेला लावला तर घटतं. म्हणून कुठे लावायचा ते आधी ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच पाळायचं. मी पलीकडची कडा ठरवली. टेलरबाईंना हे सगळं समजावून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, रेघ आहे ती. सीमा नाही देशाची."

पहिल्या दिवशी आम्ही चारशे मीटर गेलो. तोवर बाकीचे आठ जण आम्हाला ओलांडून पुढे गेले, फेरी पुरी करून घरी गेले, आणि त्यांतले एक पेन्शनर चहा पिऊन परत आले, आम्ही कुठे पोचलो ते बघायला. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. "बाबा, हेडमास्तरकाका म्हणाले तुम्ही किल्ल्याला दंडवत घालताय."

"मी मोजतोय."

"चालत नाही का मोजता येत?"

हेडमास्तरांशी मी दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेच्या बुरुजाशी होतो. तिथून पाण्याच्या टाक्यापर्यंत वाट जराशी चढते. टेलरबाई रेघ ओढता ओढता म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? पावाचा किस्सा खरा का हो?"

"कुठला?"

"बारा ग्रॅम कमी भरला म्हणून कापलेला पाव बेकरीत परत नेलात तो."

"चौदा," मी म्हटलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ताईंनी. इथेच सांगितला. हा चढ लागला की आमचे पाय रेंगाळायचे. मग ताई म्हणायच्या, चला, आता आमच्याकडची बातमी. हसता हसता टाकं यायचं."

"म्हणजे माझी बातमी?"

"तुमचीच की. आम्ही तर चढाला लागलो की विचारायचो, काय ताई, आज शिक्का काय म्हणाला?"

"शिक्का कोण?"

टेलरबाईंनी घाईघाईने एक रेघ ओढली. मीटर अजून माझ्या हातात होता.

अकरा वर्षं नऊ माणसं माझ्या जिवावर हा चढ चढत होती. खात्यात व्यापारी मला मागून काय काय म्हणत ते मला ठाऊक होतं. त्याचं मला काही वाटत नसे, ते माझ्या हुद्द्याला होतं. हे घरचं होतं. मी दहा-बारा मीटर मोजले. मान ताठ ठेवायचा माझा विचार होता, पण वाकून मोजताना मान ताठ ठेवता येत नाही. मग मी विचारलं, "अजून काय सांगायची?"

त्या दिवसापासून चार दिवस टेलरबाई सांगत होत्या. मी दुधाच्या पातेल्याला आतून खुणा कशा केल्या ते. मुलीच्या लग्नाच्या आमंत्रणावर घर ते कार्यालय हे अंतर मीटरमध्ये छापायला कसं निघालो होतो ते. एकदा ती तापाने फणफणली असताना मी रात्रभर दर तासाला ताप मोजून भिंतीवर कसा लिहून ठेवला होता, आणि तिने नंतर ती भिंत रंगवू कशी दिली नाही, ते. भिंत अजून तशीच आहे. खर्च नको म्हणून रंगकाम काढत नाही, असं तिने मला सांगितलं होतं.

सातव्या दिवशी आम्ही दरवाजाशी आलो. तीन हजार चाळीस मीटर. उलट दिशेने पुन्हा मोजून ताळा बघायची माझी इच्छा होती. कमरेने नकार दिला.

हेडक्लार्कने आकडा पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"काका, तीन हजार लिहू या."

"तीन हजार चाळीस आहे."

"तेच म्हणतो. तीन हजारापर्यंत असली की ती साधी वाट. एक फलक लावला की झालं. तीन हजाराच्या वर एक मीटर जरी गेली तरी तिला वेगळा नियम लागतो. दरीच्या बाजूला कठडा, दर पाचशे मीटरला पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची खोली, स्वच्छतागृह. ते होईपर्यंत वाट बंद ठेवावी लागते. चाळीस मीटर सोडा. कोण बघतंय?"

मी उभा राहिलो. एकतीस वर्षांत मी किती दुकानांना कुलपं लावली ते मला पाठ आहे. त्यांतला प्रत्येक दुकानदार हेच म्हणाला होता. चाळीस ग्रॅमच आहे साहेब, सोडा, कोण बघतंय. मी बघत होतो.

"भाऊजी," टेलरबाई मागून म्हणाल्या, "मी शर्ट शिवते तो अंगाच्या मापाला नाही शिवत. थोडा सैल ठेवते. माणसाला श्वास घ्यायचा असतो."

"वाटेला श्वास घ्यायचा नसतो."

"आम्हाला घ्यायचा असतो हो."

मी तीन हजार चाळीस लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली, निवृत्त हुद्द्यासकट. घरी येताना माझी पावलं हलकी पडत होती. इतकं बरोबर वागल्यासारखं मला निवृत्तीनंतर एकदाही वाटलं नव्हतं. जिन्यात हेडमास्तर भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शाबास. तत्त्व टिकलं." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दहा दिवसांचे अडीच महिने झाले. तोवर वाट उघडीच होती, त्यामुळे ती बंद ठेवायचं बोलणं आमच्या मनातून गेलं होतं. मग एका सकाळी सहाला, फेरीच्याच वेळेला, कार्यक्रम ठरला. वरच्या कार्यालयातून एक मोठे साहेब येणार होते. ते दरवाजापर्यंत गाडीने आले, चालण्याचे फायदे या विषयावर वीस मिनिटं बोलले आणि फलकावरचा पडदा ओढला. फलक सुंदर होता. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं. "किल्ल्याभोवतीची सोपी वाट. लांबी ३०४० मीटर. सर्वांसाठी खुली." माझा आकडा एवढा मोठा रंगवलेला बघून मला क्षणभर फार बरं वाटलं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

मग पडदा आणखी खाली घसरला. त्याच खांबावर, खालच्या अंगाला, लाल पाटी होती. "सुरक्षा सुविधा पूर्ण होईपर्यंत प्रवेश बंद. आज्ञेवरून." पहिला फलक एका विभागाचा होता, दुसरा दुसऱ्या. दोघांचा मंजुरीचा दिवस एकच आला, म्हणून खांब वाचवला होता. पाटीमागे काटेरी तार ओढलेली होती आणि तारेपाशी नवा पहारेकरी स्टुलावर बसला होता. साहेबांनी दोन्ही पाट्यांकडे पाहून टाळ्या वाजवल्या आणि ते गाडीत बसले.

नऊ जण कॅनव्हासचे बूट घालून उभे होते. कार्यक्रम झाला की पहिली फेरी मला बरोबर घेऊनच मारायची असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्याही पायांत नवे बूट होते. कोणीतरी मला चार शब्द सुनावले असते तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर माझ्याकडे तयार होतं, मुद्देसूद. पण पेन्शनर म्हणाले, "कमरेला शेक देत जा," आणि सगळे आपापल्या घरी गेले. तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. घरी जाऊन मी जिन्यावर बसलो, कारण न दमता मला घरात जायचं नव्हतं, सात-दहाच्या आत नाही आणि नंतरही नाही.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. तिला फलकाचं कळलं होतं. तिने माझी चूक काढली नाही. नुसतं विचारलं, "बाबा, पण तुम्ही तर सगळी फिरलात ना ती वाट. कशी आहे? आई मला नेहमी सांगायची, मागच्या बाजूला गेलं की एकदम मोकळं वाटतं. काय दिसतं तिथून?"

मी सांगायला तोंड उघडलं. मागच्या बाजूला मी दोन दिवस होतो. एक हजार तीनशे ते दोन हजार शंभर. मला खडूच्या रेघा आठवत होत्या. एका रेघेवर मुंग्या होत्या, ते आठवत होतं. पण त्या आठशे मीटरमध्ये मी मान वर केली नव्हती.

"सांगा ना."

"जमीन जरा भुसभुशीत आहे," मी म्हटलं.

ती मग म्हणाली, "ठीक आहे. मी आले की दोघं जाऊ." वाट बंद आहे हे बोलता बोलता ती विसरली असावी. मी आठवण करून दिली नाही.

नंतरचे दोन दिवस मी त्या आकड्याचा विचार केला. पलीकडची कडा. पहिल्या दोन दिवसांची मी शपथ घेईन. शेवटच्या दिवसाचीही. पण मधले चार दिवस, ती पावाची, भिंतीची, पातेल्याची बातमी चालली होती तेव्हा मी मीटर कुठल्या कडेला लावत होतो? खडू बोथट झाला होता. रेघ बोटभर जाड पडत होती. अलीकडच्या कडेला लावला असला तर दर मीटरला बोटभर माप वाढलं असणार, आणि चार दिवसांची बोटं मिळवली तर चाळीस मीटर सहज भरतात. भरतातच असं नाही. भरू शकतात. मी रेघांकडे बघतच नव्हतो, ऐकत होतो. एखाद्या कनिष्ठ निरीक्षकाने मला असं येऊन सांगितलं असतं तर मी त्याचं माप रद्द केलं असतं आणि त्याला मेमो दिला असता.

मी किल्ल्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं. "मोजणीच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवशी माझं मापाकडे लक्ष नव्हतं. सबब लांबीची खात्री मी देऊ शकत नाही." हेडमास्तर म्हणाले, हे फार उघडंवाघडं दिसतं, "अपरिहार्य कारणामुळे" असं घालू. मी नको म्हटलं. ते पाच पानं लिहायलाही तयार होते.

हेडक्लार्कने पत्र वाचलं. "काका, हे स्वीकारता येईल. पण छापील नमुन्यात चूक कशामुळे झाली ते लिहावं लागतं. लक्ष कुठे होतं?"

नमुन्यात अर्ध्या ओळीची जागा होती. मी लिहिलं, "दिवंगत पत्नीबद्दल ऐकत होतो."

त्याने ते वाचलं. मग फाइल मागे मागे उलटत नेली, टेलरबाईंच्या सहीचा कागद काढला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"काका, त्या दिवशी मी तुमच्याकडे सही मागितली होती."

"हो."

"आल्या की आणा म्हणालो होतो."

"नियमात होतं ते," मी म्हटलं.

तो उठला आणि मोडक्या कपाटातून शिक्का काढून आणला. एरवी शिक्के मारायला त्याच्याकडे शिपाई आहे.

पत्राचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. मोजणाऱ्यानेच शंका घेतल्यामुळे पूर्वीची लांबी रद्द झाली आहे. वाटेची फेरमोजणी खात्याच्या मोजणीदाराकडून होईल आणि ती तीन हजाराच्या आत भरली तर वाट ताबडतोब खुली होईल. मोजणीदाराची जागा चार वर्षं रिकामी आहे. ती भरायची तर मोजणीचं काम शिल्लक असल्याचं दाखवावं लागतं. आजवर तसं काम नव्हतं, आता एक झालं आहे, म्हणून जागा भरण्याचा प्रस्ताव वर गेला आहे. हेडक्लार्कने स्वतःच्या हाताने खाली लिहिलं होतं, "पाठपुरावा करत आहे." फलकावरच्या आकड्यावर सध्या कागद चिकटवला आहे.

पहारेकरी भला माणूस आहे. परवा म्हणाला, "साहेब, जा की तारेखालून. मी पाठ करून बसतो." वाकायचं म्हटलं की कंबर नको म्हणते, आणि चोरून जायचं म्हटलं की मी.

ती नऊ माणसं आता पोस्टाच्या मागच्या रस्त्याने फिरतात. त्यांनी मला विचारलं आणि मी जायला लागलो. टेलरबाई बरोबर असतात. रस्ता सपाट आहे, एका बाजूला गोदामांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूला थांबलेले ट्रक. तो किती लांब आहे हे मला माहीत आहे, पण अजून कोणी विचारलेलं नाही. किल्ल्याची वाट मी मोजली. दरवाजापासून दरवाजापर्यंत, मान वर करून, एका दमात ती मी अजून चाललेलो नाही.